वारंगा फाटा येथील ‘नोव्ह्याचें पिस्तूल’ : एक परीक्षण

जुन्या कागदास आपण ज्या कसोट्या लावितों त्या जुन्या लोखंडास सहसा लावीत नाहीं. एखादी सनद पुढें आली म्हणजे शिक्का, मोर्तब, कागदाचा पोत, अक्षराचें वळण, तिथिवारांचा मेळ हें सर्व तपासल्याखेरीज तिच्यावर विसंबूं नये, हें आतां नवशिक्या संग्राहकासही ठाऊक झालें आहे. परंतु तोच संग्राहक तलवार, कट्यार किंवा पिस्तूल हातीं आलें कीं मालकाच्या शब्दालाच सनद मानतो. घराण्यांत सांगत आले म्हणून खरें, वर अक्षरें कोरलेलीं आहेत म्हणून खरें, आणि वस्तु जुनी दिसते म्हणून तर खरेंच! प्रस्तुत लेखांत ज्या पिस्तुलाचें परीक्षण करावयाचें आहे त्याच्या बाबतींत हीं तिन्ही कारणें एकत्र आलेलीं असल्यामुळें त्याचा विचार जरा विस्तारानें करणें अवश्य वाटतें.

नांदेडहून उत्तरेस जाणारा रस्ता जेथें दुभंगून एक वाट कळमनुरीवरून हिंगोलीस व दुसरी हदगांव-उमरखेडवरून यवतमाळाकडे जाते, तें ठिकाण वारंगा फाटा या नांवानें प्रसिद्ध आहे. येथील एका शेतकरी घराण्यानें आपल्या संग्रहीं असलेल्या पिस्तुलाविषयीं दोन पानांचें एक टिपण तयार करून तें प्रसिद्धीसाठीं पाठविलें. टिपणाचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, हें पिस्तूल नोवसाजी नाईक मस्के यांचें असून नोव्ह्याच्या वेढ्यांत तें त्यांच्या हातीं होतें; गढी पडण्याच्या आदल्या रात्रीं तें या घराण्याच्या एका पूर्वजानें बाहेर काढलें; तेव्हांपासून तें कोणाही परक्याच्या हातीं गेलेलें नाहीं. पुराव्यादाखल मुठीच्या पितळी टोपणावरील ‘नो. ना. म. १८१९’ या अक्षरांचें छायाचित्र जोडलेलें होतें. नाईकांच्या स्मरणार्थ भरावयाच्या एका प्रदर्शनांत तें मांडावयाचें आहे, तरी अभिप्राय द्यावा, अशी विनंति होती. छायाचित्रावरून अभिप्राय देणें म्हणजे नक्कलेवरून मूळ पत्राचा कागद ओळखण्यासारखें आहे. म्हणून मी स्वतः जाऊन पिस्तूल पाहिलें. घराण्याचें नांव मालकांच्या इच्छेवरून येथें दिलेलें नाहीं.

नोव्ह्याचें प्रकरण बहुतेक वाचकांस विदित असेल. तरी दोन शब्द. दुसरा बाजीराव जून १८१८ मध्यें माल्कमच्या स्वाधीन झाला, तरी गोदावरीच्या उत्तरेकडील निजामी मुलखांत हटकर नाईकांचा प्रतिकार शमलेला नव्हता. त्यांत नोवसाजी नाईक हे प्रमुख. इ. स. १८१९ च्या जानेवारींत (शके १७४०) मेजर पिटमन याच्या हुकमतीखालीं निजामाच्या नोकरींतील फौज नांदेडच्या उत्तरेस असलेल्या नोव्ह्यावर चालून गेली. या फौजेंत रसेल ब्रिगेड होती. रेसिडेंट हेन्री रसेल यानें १८१३ मध्यें हैदराबादेस उभारलेल्या या ब्रिगेडीचा पोशाख, शस्त्रें, कवाइत हीं सर्व कंपनीच्या पलटणींच्या धर्तीवर होतीं. गढींत मुख्यतः अरब शिबंदी होती. तिनें निकराचा सामना दिला. शेवटीं सुरुंग, मोर्चे व हल्ला करून गढी घ्यावी लागली. ही लढाई खरी, नाईक खरे, त्यांचें शौर्यही खरें. प्रश्न फक्त या एका पिस्तुलाचा आहे, आणि तो निराळा ठेवला पाहिजे. कारण पिस्तुलाविषयीं शंका घेतांच नाईकांविषयीं शंका घेतली असें समजणारे लोक त्या बैठकींतही होते.

परीक्षणाचा आरंभ मात्र इतिहासापासून झाला नाहीं. तोंडाकडून भरावयाचें कोणतेंही शस्त्र हातीं आलें म्हणजे तें भरलेलें आहे कीं काय हें आधीं पाहावें. त्याची रीत सोपी आहे. बांबूची सरळ काडी नळींत अडेपर्यंत सोडावी, नळीच्या तोंडाशीं तिजवर खूण करावी, आणि काडी बाहेर काढून नळीच्या अंगावर तशीच धरावी. नळी रिकामी असेल तर काडीचें टोंक थेट कानापर्यंत, म्हणजे जेथून आंत विस्तव जातो त्या छिद्रापर्यंत, पोंचतें. येथें तें दीड इंचाहून अधिक अलीकडे राहिलें. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करून पाहिलें, तेंच. पिस्तुलांत बार होता. मी येण्यापूर्वीं घटकाभर घरांतील एक नऊदहा वर्षांचा मुलगा त्याचा घोडा ओढून सोडून दाखवीत होता. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनींही पेट घेते, हें सांगितल्यावर बैठकींत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. त्यापूर्वीं हें पिस्तूल शाळेंत, देवळाच्या सभामंडपांत व दोन सत्कारसमारंभांत हातोहातीं फिरलेलें होतें!

पिस्तूल भिंतीकडे तोंड करून बाजूस ठेविलें, पोलिसांस वर्दी दिली, आणि पुढें कांहीं आठवड्यांनीं लष्करांत शस्त्रदुरुस्तीचें काम केलेल्या एका जाणत्या गृहस्थाकडून बार पाण्यानें भिजवून काढविला. आंत काय निघालें तें पुढें येईल. तें महत्त्वाचें आहे. बाकीचें परीक्षण त्यानंतरचें.

नळीची लांबी नऊ इंच. तोंडाचा व्यास ०.६५ इंचाहून किंचित् अधिक, पण तोंड झिजलेलें असल्यानें मूळचें माप ०.६५ धरण्यास हरकत नाहीं. हें त्या काळच्या इंग्रजी घोडदळाच्या पिस्तुलाचें ठरीव माप. नळीच्या तोंडाजवळ खालच्या अंगास दोहों बाजूंस झिजलेल्या खुंट्यांच्या जागा दिसतात. या पिस्तुलांचा गज नळीच्या तोंडाशीं बिजागरीनें जोडलेला असे. घोड्यावर बसून बार भरतांना तो हातांतून निसटूं नये हा हेतु. येथें गज व बिजागरी नाहींशीं झालीं आहेत, जागा तेवढी राहिली आहे. म्हणजे हें स्वाराचें, खोगिराच्या पुढील चामडी म्यानांत ठेवावयाचें पिस्तूल होय. गढीच्या तटावरून लढणाऱ्या माणसास त्याचा फारसा उपयोग नाहीं. नोव्ह्याच्या शिबंदीसारख्या दक्षिणेंतील अरब लोकांचें नेहमींचें शस्त्र म्हणजे लांब तोड्याची बंदूक व जंबिया. अर्थात् नाईक स्वतः घोड्यावर बसत, तेव्हां एवढ्यावरून कांहीं ठरत नाहीं.

ठरतें तें चापावरून. आज या पिस्तुलाचा चाप टोपीचा आहे. चकमकीच्या चापांत घोड्याच्या जबड्यांत गार धरलेली असते. ती पोलादी झांकणावर घासून ठिणगी पडते व वाटींतील रंजक पेटते. टोपीच्या चापांत घोड्याचा माथा पोकळ असून तो एका लहानशा पोकळ खुंटीवर बसविलेल्या तांब्याच्या टोपीवर आदळतो. आघातानें पेटणाऱ्या दारूचें पेटंट फोर्सिथ नांवाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकानें १८०७ मध्यें घेतलें खरें, पण तांब्याची टोपी प्रचारांत आली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं, आणि कंपनीच्या फौजेंत ही पद्धत शिरली ती १८४० नंतर. तेव्हां आज दिसतें तशा स्वरूपांत हें पिस्तूल नोव्ह्याच्या गढींत असणें शक्य नाहीं.

टिपणकर्त्यांनीं या आक्षेपाची कल्पना नसतांही त्याचें उत्तर बोलतां बोलतां दिलें. “मूळचा चाप गारेचा असेल, मागून बदलला असेल,” असें त्यांतील एक तरुण म्हणाले. हें म्हणणें टाकाऊ नव्हे. उलट अगदीं बरोबर आहे. चापाच्या लोखंडी पाटीवर घोड्याच्या पुढें दोन लहान वर्तुळें दिसतात. तीं मूळच्या छिद्रांचीं; पोलादी झांकण व त्याची कमान जेथें स्क्रूनें बसविलेली होती तीं छिद्रें मागाहून बुजविलीं आहेत. पाटीच्या वरच्या कडेस जेथें रंजकाची वाटी बसे तेथील अर्धचंद्राकृति खांच पितळी झाळ देऊन भरलेली आहे. नळीच्या उजव्या अंगास कानाच्या जागीं जाडसर गोल तुकडा आटे पाडून बसविला असून त्यावर टोपीची खुंटी आहे. घोडा मात्र सबंध नवा. तेव्हां चकमकीचें पिस्तूल पुढें टोपीचें केलें, हें निर्विवाद.

त्याच पाटीवर आणखी एक खूण आहे, व ती पाहतांना प्रस्तुत लेखकास जितका आनंद झाला तितकीच हळहळही वाटली. घोड्याच्या मागें तिरपा प्रकाश टाकिला असतां एका उभ्या प्राण्याचे मागचे दोन पाय व वर वळलेलें शेपूट दिसतें. वरचा भाग घासून गेलेला आहे. हा कंपनीचा सिंह. मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पायांत मुकुट धरलेला हा सिंह कंपनीच्या शस्त्रांवर १८०८ पासून येऊं लागला. त्यापूर्वीं तेथें बदामाच्या आकाराची, चार घरें पाडलेली व घरांत व्ही, ई, आय, सी हीं इंग्रजी अक्षरें असलेली मुद्रा असे. वर चार या आंकड्यासारखी खूण. म्हणजे बदाम असेल तर १८०८ पूर्वींचें, सिंह असेल तर त्यानंतरचें, हा ठोकताळा संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मात्र देशी कारागीर विलायती खुणांची नक्कल सर्रास करीत. त्यांत अक्षरें उलटीं पडतात, अंतरें चुकतात. येथें सिंहाचा जो भाग उरला आहे तो ठशानें एका घावांत उठविलेला आहे, कोरलेला नाहीं, आणि पाटीच्या आंतल्या अंगावर तपासणीचा मुकुटाकृति बारीक छापही आहे. चाप अस्सल आहे, अशी माझी खात्री आहे.

म्हणजे चापाचा जन्म १८०८ नंतर व १८४० च्या अलीकडेपलीकडे चकमकीचा प्रचार संपण्यापूर्वीं केव्हां तरी झाला. १८१९ हें वर्ष या मर्यादेंत बसतें! टिपणकर्त्यांचे चेहरे येथें उजळले, आणि ते उजळणें स्वाभाविक होतें. पण मर्यादेंत बसणें आणि सिद्ध होणें यांत अंतर आहे. कंपनीचा सिंह असलेलें, घोडदळाचें, विलायती पिस्तूल १८१९ च्या जानेवारींत नोव्ह्याजवळ असलेंच तर तें कोणत्या बाजूस असण्याचा संभव अधिक? वेढा घालणारी फौज कंपनीच्या धर्तीवर सजलेली होती, वेढलेली नव्हती. लुटींत किंवा चकमकींत एखादें पिस्तूल नाईकांकडे आलें असेल, असें म्हणतां येईल. परंतु ‘असेल’ या शब्दावर कोणत्याही वस्तूचा इतिहास उभारतां येत नाहीं.

शिवाय टोपीचा चाप करण्याची गोष्ट नाईकांच्या बाजूनें नव्हे, विरुद्ध बाजूनें साक्ष देते. बुजविलेलीं छिद्रें सपाट आहेत, आटे सारख्या अंतराचे आहेत, झाळ स्वच्छ आहे. हें खेड्यांतील लोहाराचें काम नव्हे; ज्यास असें काम शेंकड्यांनीं करावें लागे अशा कारखान्याचें किंवा तेथें शिकलेल्या हाताचें तें आहे. गढी पडल्यावर लपवून आणलेलें, सरकारपासून झांकून ठेविलेलें शस्त्र वीसपंचवीस वर्षांनीं कोणी अशा कारखान्यांत नेऊन सुधारून आणील, हें संभवत नाहीं. १८४० नंतरच्या काळांत हें पिस्तूल नोकरींत होतें, निदान नोकरींतील माणसाच्या हातीं होतें, असेंच मानावें लागतें.

येथें पोथ्यांच्या संग्राहकांस एक परिचित गोष्ट आठवेल. अनेक पोथ्या अशा मिळतात कीं पहिलीं पानें एका हातचीं, मधलीं दुसऱ्याच्या, आणि शेवटचें पान हरवल्यामुळें कोणीतरी तिसऱ्यानेंच लिहून जोडलेलें. अशा पोथीचा काळ काय, असा एकच प्रश्न विचारला तर उत्तर चुकणारच. प्रत्येक हाताचा काळ निराळा विचारावा लागतो. या पिस्तुलाचें तसेंच आहे. चाप व नळी एका काळचीं, टोपीची योजना दुसऱ्या, आणि लांकडी दस्ता तिसऱ्याच काळचा. दस्ता सागवानी, जड व ओबडधोबड आहे. विलायती पिस्तुलांस अक्रोडाचें लांकूड असे. चापाची पाटी बसविण्याची खांच पाटीहून मोठी झाल्यामुळें भेगेंत लाख भरली आहे, आणि गज ठेवण्याची पन्हळ अर्ध्यावरच सोडून दिली आहे. ज्यानें दस्ता केला त्याच्यापुढें गज नव्हता, म्हणून पुढें पन्हळ खोदण्याचें त्यास कारण वाटलें नाहीं. मुठीचें पितळी टोपण मात्र जुनें, पहिल्या दस्त्यावरून काढून या दस्त्यावर बसविलेलें. त्याच्या मूळच्या स्क्रूचें छिद्र आतां लांकडांतील छिद्राशीं जुळत नाहीं.

याच टोपणावर तीं अक्षरें आहेत. ‘नो. ना. म. १८१९’. भिंगाखालीं पाहतां अक्षरांची खांच तळाशीं लखलखीत पिवळी आहे. भोंवतालच्या पितळेवर जुना काळसर थर असून खांच तो थर व त्यांतील बारीक खड्डे कापून गेली आहे. खड्डे आधीं, अक्षरें मागून. रेघ सर्वत्र सारख्या खोलीची, म्हणजे फिरत्या यंत्राच्या टोंचणीची. अक्षराचें वळण छापखान्याच्या देवनागरीचें. आणि हें सर्व क्षणभर बाजूस ठेविलें तरी वर्षाचा आंकडा पाहा. १८१९ सालीं या मुलखांतील माणूस शस्त्रावर साल घालता तर शके १७४० किंवा फसली १२२८ घालता. इसवी सन घालण्याचें त्यास कांहींच कारण नव्हतें. एखाद्या पेशवाईंतील पत्रावर ‘जानेवारी’ लिहिलेलें सांपडावें तसें हें झालें.

येथें कोणावर लबाडीचा आरोप करावयाचा नाहीं. हें सर्व मीं बोलून दाखविण्यापूर्वींच घरांतील वृद्ध यजमान म्हणाले, “अक्षरं पोरांनीं शहरांतून घालून आणलीं, चारसहा वर्षं झालीं. लोकांना खरं वाटत नव्हतं म्हणून.” हें वाक्य टिपणांत नव्हतें. टिपण लिहिणाऱ्यांस तें सांगण्याजोगें वाटलेंच नाहीं, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणें अक्षरांनीं नवें कांहीं सांगितलेलें नव्हतें, खरें होतें तेंच लिहिलें होतें. बनावट कागद बहुधा असेच जन्मास येतात. आज या अक्षरांचा कर्ता हयात आहे म्हणून त्यांचें वय कळलें. आणखी पन्नास वर्षांनीं पितळ काळें पडल्यावर तीं अक्षरें वाचणारा संशोधक काय लिहील?

आतां नळींतून निघालेल्या बाराकडे वळूं. कडक झालेली दारू, तिच्यावर लुगड्याच्या काठाची चिंधी, त्यावर खिळ्यांचे तुकडे व शिशाचा एक वेडावांकडा खडा, पुन्हा चिंधी. गोळी नाहीं. लष्करांत बार असा भरीत नाहींत. तेथें कागदाच्या काडतुसांत मोजून दारू व मापाची गोळी असे. हा घरगुती बार आहे. भयाच्या वेळीं जें हातीं लागलें तें भरून ठेविलें.

यजमानांच्या वृद्ध मातोश्री आंतल्या खोलींत होत्या. नोव्ह्याविषयीं विचारतां त्यांनीं हात हलविला. तें त्यांस ठाऊक नव्हतें. पण पिस्तूल त्यांस ठाऊक होतें. “रझाकाराच्या सालीं ते पेवांत घातलं व्हतं. सासूबाईनं आपल्या हातानं गुंडाळलं. पोलिस ॲक्शन झाल्यावर बी लई दिवस काढलं न्हाई,” असें त्या म्हणाल्या. ही हकीकत टिपणांत एका ओळीनेंही आलेली नाहीं. पण लोखंड तिची साक्ष देतें. नळी व चाप यांच्या डाव्या अंगावर गंजाचे खोल खड्डे आहेत, उजव्या अंगावर जवळजवळ नाहींत. म्हणजे पिस्तूल दीर्घ काळ डाव्या कुशीवर, ओलसर जागीं, न हलतां पडून होतें. सप्टेंबर १९४८ पूर्वींच्या वर्षांत मराठवाड्यांतील कित्येक घरांनीं दागिने, कागद व शस्त्रें पेवांत, वैरणींत, विहिरींच्या कोनाड्यांत दडविलीं, हें सर्वश्रुत आहे. बार, गंज व वृद्धेचें बोलणें या तिहींचा मेळ बसतो. या पिस्तुलाच्या साऱ्या इतिहासांत सर्वांत भक्कम पुरावा जर कशास असेल तर तो यास आहे, आणि नेमकें हेंच घराण्यानें क्षुल्लक म्हणून वगळलें.

दुसरी वगळलेली गोष्ट त्याहून जुनी आहे. बोलण्याच्या ओघांत यजमानांनीं सांगितलें कीं त्यांचे एक पूर्वज ‘हिंगोलीच्या छावणींत शिलेदार’ होते. ही गोष्ट त्यांनीं काहींशा संकोचानेंच सांगितली. निजामाच्या व इंग्रजांच्या नोकरीचा अभिमान कोण धरणार? परंतु इतिहासाच्या दृष्टीनें ती फार मोलाची आहे. १८५३ च्या तहानें निजामाची ही इंग्रजी अंमलाखालील फौज ‘हैदराबाद कॉन्टिंजंट’ या नांवानें नव्यानें बांधली गेली, तिच्या खर्चासाठीं वऱ्हाड तोडून घेण्यांत आला, आणि चार रिसाले, सहा पलटणी व तोफखान्याच्या चार तुकड्या असा तिचा आकार ठरला. औरंगाबाद, मोमिनाबाद, एलिचपूर यांजप्रमाणें हिंगोली हेंही तिचें ठाणें होतें. १९०३ मध्यें ही फौज हिंदुस्थानच्या लष्करांत विलीन झाली व हिंगोलीची छावणी उठली. बर्टन यांनीं १९०५ मध्यें या फौजेचा इतिहास प्रसिद्ध केला आहे. तो साहेबांच्या बाजूनें लिहिलेला असला तरी पलटणींच्या हालचालींसाठीं पाहण्याजोगा आहे. या रिसाल्यांत शिलेदारी पद्धत चालू होती. घोडा व बराचसा सरंजाम स्वाराचा स्वतःचा. नोकरी सुटली कीं जुनें, सरकारच्या हिशेबीं निरुपयोगी झालेलें हत्यार घरीं येणें अशा व्यवस्थेंत मुळींच अवघड नव्हतें. सिंहाच्या चापाचें, कारखान्यांत सुधारलेलें, स्वाराच्या मापाचें पिस्तूल वारंगा फाट्याच्या घरांत कसें आलें याचा सर्वांत साधा उलगडा हाच आहे. तो सिद्ध झाला असें मी म्हणत नाहीं.

सिद्ध होण्यास एक साधन मात्र हातचें जात होतें. ज्या फडक्यांत पिस्तूल गुंडाळलेलें होतें त्याच्या आंत तेलानें माखलेला जुन्या हातकागदाचा एक वीतभर तुकडा होता. तो कचरा म्हणून बाजूस टाकलेला. त्यावर मोडी होती. सहा ओळी, वरची व डावी कड फाटलेली, साल गेलेलें. स्पष्ट वाचतां येतें तें एवढेंच: ‘घोडी’, ‘मुकाम हिंगोली’, आणि रुपयांचे दोन आंकडे. कागद जनावराच्या खरेदीचा आहे, नोकरीच्या हिशेबाचा आहे कीं केवळ उसनवारीचा, हें ओळी पुरत्या लागल्याखेरीज सांगतां येणार नाहीं. पिस्तुलाशीं त्याचा संबंध असेलच असेंही नाहीं. आवरण म्हणून हातास लागेल तो कागद घेतात. तथापि तेलांत भिजलेला तो तुकडा या घरांतील कोणत्याही कोरीव अक्षरापेक्षां अधिक लक्ष देण्याजोगा आहे.

स्थितीविषयीं थोडें. उजव्या बाजूचा सिंह कोणी घासला? प्रदर्शनासाठीं पिस्तूल ‘उजळून’ आणलें तेव्हां तो गेला. विटेची पूड व चिंच वापरल्याचें सांगण्यांत आलें. करडा-तपकिरी, घट्ट बसलेला थर हा लोखंडाचा जुनेपणा आहे. त्यास हात लावूं नये. बोटास लाल भुकटी लागत असेल तर तो गंज जिवंत आहे, व तेवढ्यापुरतें पातळ तेलाचें बोट फिरवून मऊ फडक्यानें टिपून घ्यावें. लांकडास मेणाचा हलका हात पुरे. चामड्याच्या पेटींत किंवा कापसांत पुरून ठेवूं नये; दोन्ही ओल धरतात. घोडा रिकामा सोडूं नये, खुंटीचे आटे आधींच सैल आहेत. दस्ता बदलून अक्रोडाचा करून घ्यावा असा कोणीतरी सल्ला दिला होता. तो मानूं नये. सागवानी दस्ता हाच या भागांतील हाताचा एकमेव भाग आहे. नवीं अक्षरें घासून काढण्याचाही विचार निघाला, पण एक खोडसाळपणा दुसऱ्यानें निस्तरत नाहीं. तीं राहूं द्यावींत व केव्हां घातलीं तें लिहून ठेवावें.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत जुन्या, प्रचारांतून गेलेल्या धर्तीच्या शस्त्रांस सूट आहे, परंतु ती दुरुस्त करूनही चालविण्यास निरुपयोगी असलेल्या शस्त्रांस. आठवड्यापूर्वीं बार भरलेलें पिस्तूल या सुटींत बसतें कीं नाहीं, हें आपल्या मनानें न ठरवितां जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावें. शंभर वर्षांवरील वस्तु म्हणून १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याचाही विचार करावा लागतो; ती देशाबाहेर नेतां येत नाहीं, आणि ‘विलायतेंत मोठी किंमत येईल’ असें सांगणारे दलाल येऊं लागले आहेत, असें ऐकलें.

प्रदर्शनांत काय लिहावें हा प्रश्न उरला. तरुण मंडळींचा आग्रह नोव्ह्याचें नांव राहावें असा होता. नाईकांचें स्मारक करावयाचें तर त्यांच्या गढीचें मोजमाप, तिच्या तटाचे अवशेष, गांवोगांवच्या हटकर घराण्यांतील मोडी कागद, हें सर्व अजून गोळा व्हावयाचें आहे. त्यासाठीं दुसऱ्याच्या कमरेचें पिस्तूल उसनें घेण्याची गरज नाहीं, असें मीं त्यांस सांगितलें. त्यांतील दोघांस तें पटलें, एकास पटलें नाहीं. यजमानांनीं मात्र पाटीचा मजकूर लिहून मागितला. तो असा लिहून दिला आहे: ‘स्वाराचें पिस्तूल. चाप ईस्ट इंडिया कंपनीच्या धर्तीचा, १८०८ नंतरचा, मूळ चकमकीचा. १८४० नंतर टोपीचा केलेला. दस्ता स्थानिक. हिंगोली छावणींतील शिलेदारी नोकरींतून आलें असण्याचा संभव. रझाकारांच्या काळांत घराच्या रक्षणासाठीं भरून पेवांत ठेविलेलें. पितळेवरील अक्षरें अलीकडचीं.’

मोडी तुकडा यजमानांनीं वाचनासाठीं माझ्याकडे दिला आहे. तेल निघेपर्यंत तो उलगडतां येत नाहीं. खालच्या तीन ओळी घडीच्या आंत आहेत.